चरबीचं माप

दगडाबाईंना चिमटा काढायचा म्हटलं तर चिमटीत नुसतं लुगडंच यायचं. उंच, शिडशिडीत, ताठ बाई. साठी कधीच ओलांडली, पण पाठीला बाक नाही आणि जिभेला तर मुळीच नाही. आपल्या काटक अंगाचा त्यांना भारी गुमान. गल्लीतून एखादी सुटलेली बाई जाताना दिसली की ओट्यावरून हाक यायचीच, "हळू चाल गं माय, रस्ता खचंल की!" ती बाई बिचारी पदर ओढून पुढं सटकायची.

शुगर मात्र दगडाबाईंनाही होती. गोळ्या चालू होत्या, मानवतच्या दवाखान्यात दर महिन्याला बोट टोचून घेणं चालू होतं. पण तो आजार त्यांनी कधी आपला मानलाच नाही. "ही जाड्या माणसाची बिमारी. वाट चुकून आमच्या दारात आली," असं त्या खुशाल सांगायच्या. चहातली साखर त्यांनी बंद केली होती. साखरेऐवजी गूळ घालायच्या, जरा जास्तच.

अशा बाईच्या ओट्यावर वैशाखातल्या एका सकाळी परभणीहून डॉक्टर प्रियदर्शनी आल्या. तरुण, गोड बोलणारी पोरगी. शुगर असलेल्या माणसांची तपासणी चालली होती, त्यासाठी त्या गावोगाव फिरून माणसं विचारत होत्या. सुनेनं, अर्पितानं, त्यांना गुळाचा चहा दिला. चहा संपवून, कप खाली ठेवून डॉक्टरबाई सरळ मुद्द्यावर आल्या.

"आजी, तुमच्यात किती चरबी आहे, ते आम्हाला मोजायचंय."

शेजारी सुपारी चघळत बसलेल्या नवऱ्यानं, बन्सीधररावांनी, हे ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि गोठ्याकडं निघाले. संसारभराचा अनुभव होता माणसाला.

त्या पोरीची तशी चूक नव्हती. पण आमच्याकडं चरबी बोकडाला असली तर ती चरबी, माणसाला असली तर तो माज. 'लय चरबी आलीय' असं ज्याला म्हटलं त्याच्याशी भांडण ठरलेलं. दगडाबाईंनी हा शब्द जन्मभर दुसऱ्यांना वाटला होता. सरपंचाला दिला, जावेला दिला, एसटीच्या कंडक्टरला दिला. स्वतःकडं तो पहिल्यांदाच परत आला होता, तोही आपल्याच ओट्यावर.

"कुणाला गं? मला?" दगडाबाई उभ्या राहिल्या. "माझी सासू वाघीण व्हती, तिनं कधी हा शबुद काढला न्हाई. अन तू परभणीहून येऊन, माझाच चहा पिऊन, माझी चरबी काढायलीस व्हय?"

"काढायची नाही आजी," डॉक्टरबाई घाईनं म्हणाल्या, "फक्त मोजायची."

समोर बजरंगचं किराणा दुकान. तो वजनाचा काटा पुसत सगळं ऐकत होता. तिथूनच ओरडला, "मोजूनच घ्या काकू! लय वर्सांचं राह्यलंय ते काम!"

गल्ली हसली. कोण कुठल्या खिडकीत होतं काही कळलं नाही, पण हसली सगळी गल्ली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की परभणीला एक मशीन आलंय आणि त्यात दगडाबाईंची चरबी मोजणार हायत. पारावर कुणीतरी काळजीच्या सुरात विचारलंही, "तेवढा मोठा काटा मिळंल का पर परभणीत?"

अर्पितानं घरात सासूला समजावलं. "आत्या, माज न्हाई म्हणायल्या त्या. खरीखुरी चरबी, तेलातुपाची. ती म्हणे पोटात, आतल्या आत साठती, वरून दिसत न्हाई. शुगर असलेल्यांत ती कुठं कुठं जाऊन बसती ते बघायलेत."

"माझ्या पोटात काय बसणार? भाकर तेवढी बसती. तुझ्या मायला घेऊन जा म्हणावं. तिथं बघायला लय हाय."

"आईबी जायलीच हाय की," अर्पिता म्हणाली. "गंगाखेडलाबी आल्ते ते डॉक्टर."

इथं दगडाबाई थांबल्या.

अर्पिताची आई कमलबाई, म्हणजे दगडाबाईंची विहीण. बोलीत आपण इनबाई म्हणतो. गंगाखेडजवळच्या खेड्यातली, आडवी, गोरी, सदा हसणारी बाई. तरुणपणी नवऱ्याबरोबर, व्यंकटीबरोबर, दर हंगामाला ऊस तोडायला जायची. आता थोडीशी जमीन होती, ती दोघंच राबून करायची. दगडाबाईंचा मुलगा भागवत याचा तिच्या लेकीवर जीव जडला आणि मोठ्या शेतीवाल्या घरात उसतोड्याची लेक सून म्हणून आली. दगडाबाईंनी सून नाकारली नाही, उलट अर्पितावर त्यांचा जीव होता. पण आपण वरमाय आहोत हे मात्र त्यांनी एक दिवस विसरू दिलं नाही. इनबाई आल्या की बाज कशी करकरते, इनबाई बसल्या की रिक्षा कशी कलते, असं चार माणसांत चालायचं. कमलबाई हसायची. ते हसणंच दगडाबाईंना खटकायचं. टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो प्रसादासारखा घ्यावा, यात काय मजा राहिली?

शुगर कमलबाईलाही होती. "तिचं बराबर हाय," दगडाबाई म्हणायच्या. "तिच्याकडं यायलाच पाह्यजे."

त्याच रात्री जेवणं झाल्यावर कमलबाईचा फोन आला. अर्पितानं तो मोठ्या आवाजावर लावला.

"या की इनबाई, दोघी मिळून जाऊ," कमलबाई म्हणाली. "मशीनच सांगंल, कुणात जास्ती हाय ते."

"त्याला मशीन कशाला पाह्यजे? गावाला डोळे न्हाईत का?"

"मग लावा शर्त."

"कशाची?"

पलीकडून बांगड्या वाजल्या. "धोंड्याचा महिना आलाय. जावयाला अन तुमाला बलावणारच हाय. जिच्यात चरबी जास्ती निघंल, तिनं दुसरीचे पाय धुवायचे. भर पंगतीत."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतून एकदा येतो. तेव्हा जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात, त्याचे पाय धुतात. कमलबाईच्या घरी रीत अशी की जावयाबरोबर वरमायचेही पाय धुवायचे. मागच्या धोंड्याला कमलबाईनं धुतलेच होते. परातीत पाय टाकून दगडाबाईंनी तेव्हा पाणी थोडं कोमट पाहिजे होतं असंही सांगितलं होतं.

"अव इनबाई, पाय तर तुमीच धुता," दगडाबाई हसल्या. "ह्या शर्तीत माझं काय जायलंय?"

"काहीच न्हाई. म्हून तर म्हणले. कबूल?"

"कबूल!"

"आत्या," अर्पिता हळूच म्हणाली, "उगं शबुद देऊ नगा."

"दिला," दगडाबाई म्हणाल्या. ओट्यावर बन्सीधररावांनी कानाची पाळी चोळली आणि पुन्हा गोठ्याकडं बघितलं, पण आता अंधार पडला होता.

परभणीच्या त्या दवाखान्यात इतकं गार होतं की बाहेरचं ऊन खोटं वाटावं. मशीनवर सिद्धोधन नावाचा माणूस होता, गंभीर तोंडाचा. त्यानं दोघींना हिरवे झगे दिले. दगडाबाईंनी आधी झगा हातात धरून उलटासुलटा केला आणि "हा कोणत्या बाजूनं इज्जत झाकतो?" असं विचारलं. मग कमलबाई झगा घालून बाहेर आली, तिला बघून त्यांचा राग पळाला. "गाठोडं बांधल्यावानी दिसायलाव," त्या म्हणाल्या आणि लगेच स्वतःही घालून आल्या.

"आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढायचं," सिद्धोधन म्हणाला. "आत मोठं लोहचुंबक आहे. लोखंड असलं तर खेचून घेतं."

दगडाबाईंनी कमरेचा कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. चंचीतला अडकित्ता काढला. डोक्यातले आकडे काढले. गळ्यातली पोत काढली, तिला एक सेफ्टी पिन अडकवलेली होती, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. टेबलावर ढीग झाला.

"झालं?"

"अजून एक मोठं राह्यलंय बगा," कमलबाई मागून म्हणाली. "त्यांची जीभ."

सिद्धोधन हसला नाही, पण वळून खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

सगळं निघालं, जोडवी मात्र निघेनात. लग्नात चढवलेली चांदीची जोडवी. बोट जाडावलं होतं त्यांच्यामागं. चांदीला मशीन ओढत नाही, पण तापू शकते, काढलेली बरी, असं सिद्धोधन म्हणाला. अर्पिता ओढू लागली तर दगडाबाई ओरडल्या. तेव्हा कमलबाई कुठूनतरी साबण घेऊन आली, खाली फतकल मारून बसली, इनबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि बोटाला फेस चोळून एकेक जोडवं गोल गोल फिरवत काढलं. एकदासुद्धा दुखलं नाही.

"बगा," दगडाबाई खुशीत म्हणाल्या, "मशीनच्या आदीच पाय धुवायलात. मग कशाला एवढा खर्च?"

मग त्यांना पाटावर झोपवून त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. आत ठकठक, घरघर सुरू झाली. मानवतच्या बाजारात पिंजारी कापूस पिंजायला बसतो ना, तसा एखादा आत बसलाय आणि आपली गादी करायलाय, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कानात एका बाईचा आवाज आला.

"सांस अंदर लीजिए. सांस रोकिए."

"कोण गं तू?" दगडाबाईंनी विचारलं.

ठकठक थांबली. सिद्धोधनचा आवाज आला. "आजी, ती रेकॉर्डिंग आहे. तिच्याशी बोलू नका. तुम्ही बोललात की पोट हलतं, पोट हललं की फोटो बिघडतो."

"मी कुठं बोलायले?"

"हे आत्ता बोललात."

"तुमी इचारलं म्हून बोलले. न इचारता मी कुणाला बोलत न्हाई."

काचेपलीकडं कमलबाई हसू दाबता दाबता लाल झाली. पुन्हा सुरू, पुन्हा त्या बाईचा हुकूम, पुन्हा दगडाबाईंचं उत्तर. शेवटी सिद्धोधन काकुळतीला आला. "आजी, थोडा वेळ. नुसता श्वास रोखा अन गप्प राहा. जमेल का?"

'जमेल का' हा शब्द त्यांना झोंबला. दगडाबाईंना न जमणारं काय आहे? त्यांना धाकल्या जावेशी धरलेला अबोला आठवला. एका सुपावरून झालेलं भांडण. कापसाची पेरणी झाली, वेचणी झाली, गाड्या मानवतला गेल्या, तरी एकाच चुलीवर भाकरी भाजत दगडाबाईंनी तिच्याशी शब्द काढला नव्हता. जिनं तेवढा काळ जीभ धरली तिला दोन क्षणांचं काय? त्यांनी श्वास ओढला आणि जाऊ समोर बसली आहे असं समजून तो धरून ठेवला. बाई 'सांस छोड़िए' म्हणाली तरी सोडायला तयार नव्हत्या.

"वा आजी!" सिद्धोधन म्हणाला. "असं कुणी राहिलं नव्हतं."

पण त्या तेवढ्या गप्पपणात, नाकासमोर पांढरं छत असताना, एक विचार मनात येऊन गेलाच. आत काही निघालं तर? मग ठकठक सुरू झाली आणि त्यांनी तो विचारही दाबून धरला.

पुढच्या आठवड्यात निकाल ऐकायला दोघी पुन्हा गेल्या. अर्पिता बरोबर होतीच. डॉक्टर प्रियदर्शनींनी कॉम्प्युटरवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एकीचं पोट बोगदाभर, कडेनं जाड पांढरं रिंगण. दुसरीचं चिंचोळं, कडेला नुसती रेघ.

"यात जिथं चरबी जास्त, तिथं उजळ दिसतं," त्या म्हणाल्या. "कमलबाई, तुमची चरबी बहुतेक कातडीखाली आहे. आत काळीज बघा, काळपट दिसतंय. शंभरात चार भाग. हे ठीक आहे. कातडीखालची कमी करायची, गुडघे दुखतात ना? पण काळीज चांगलं आहे."

मग त्यांनी बोट दुसऱ्या फोटोवर नेलं. तिथं मधोमध एक मोठा डाग चांदण्यासारखा उजळला होता. "आणि दगडाबाई, तुमचं हे काळीज. शंभरात सोळा. मागं हे पानासारखं दिसतंय ते स्वादुपिंड, साखर आवरण्याचं काम त्याचं. त्यातही आहे."

खोलीत गार वारा घुमत होता.

"फोटो उलटे लावलेत तुमी," दगडाबाई म्हणाल्या.

"नाही आजी, नाव बघा."

"नाव कुणीबी लिवतंय. इनबाईचा फोटो हाय तो."

डॉक्टरबाईंनी नुसतं फोटोकडं बोट केलं. त्या चिंचोळ्या फोटोत फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. कमलबाईच्या कुठून दिसणार होत्या? दगडाबाईंनी बघितलं, पुन्हा बघितलं. फासळ्या त्यांच्याच होत्या. ज्यांचा जन्मभर गुमान केला, त्याच फासळ्यांनी साक्ष फिरवली.

"काळजात?" त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "पोटात म्हणला असता तर चाललं असतं. पर काळजात चरबी?"

"आम्ही यकृत म्हणतो आजी. तुमच्या मायेचं काळीज वेगळं, त्याचा फोटो अजून कुणाला काढता आला नाही," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "काही जणांच्या कातडीखाली चरबीला जागा असते, त्यांची तिथं मावते. काही जणांच्या तिथं जागाच कमी. मग ती जाणार कुठं?"

दगडाबाई त्या उजळ डागाकडं बघत होत्या. कमरेच्या जुडग्यावर त्यांचा हात गेला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "म्हंजी इनबाईची कोठी मोठी. माल कोठीतच राह्यला. माझी कोठी बारकी, ती भरली, अन पोती देवघरात रचली."

"अगदी बरोबर!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणूनच बारीक माणसंही बोलावली आम्ही. बारीक माणूस निर्धास्त बसतो ना, वरून दिसत नाही म्हणून. पण देवघरातली पोती हलतात आजी. रोज चालायचं. गूळ म्हणजे साखरच, तो सोडायचा. रात्रीचं जेवण थोडं हलकं. दिवाळीनंतर पुन्हा फोटो काढू."

"चालायचं कुठं? ओट्यावर?" अर्पिता पटकन बोलून गेली, आणि मग जीभ चावली. घरात मोटारसायकल आल्यापासून आत्या रानात चालत गेल्या नव्हत्या. ओट्यावर बसूनच सगळं रान चालवायच्या.

परभणीच्या बसस्टँडवर कमलबाईनं शेवगाठ्याचा पुडा फोडला, आठवण झाली तशी बंद केला आणि इनबाईंजवळ सरकून म्हणाली, "ऐका, ती शर्त मी हसण्यावारी लावल्ती. त्या खोलीत आपण तिघी अन ती डॉक्टरबाई, दुसरं कोण व्हतं? मी कुणापाशी बोलणार न्हाई. पाय मीच धुणार, रीत हाय ती."

"माझी आई सांगत न्हाई म्हणली तर न्हाई सांगत, आत्या," अर्पितानं भर घातली. "मीबी न्हाई."

दगडाबाईंनी पिशवी उचलली आणि लागलेल्या गाडीकडं निघाल्या. मानवतच्या एसटीत खिडकीला टेकून बसल्या आणि गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही. कंडक्टरनं सुटे मागितले तरी नाही. गल्लीत शिरल्यावर बजरंग दुकानातून बाहेरच आला.

"काकू! किती निघाली चरबी?"

दगडाबाई त्याच्याकडं न बघता आत गेल्या. बजरंग तसाच उभा राहिला. मग घाबऱ्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाला, "काकू बोलल्या न्हाईत. कायतरी मोठं निघालंय."

त्या रात्री दगडाबाईंनी चहा कोरा घेतला, अर्धी भाकर खाल्ली आणि बाजेवर पडल्या. बन्सीधररावांनी बराच वेळ वाट बघितली. शेवटी विचारलं, "दुखायलंय का कुठं?"

"इज्जत दुखायलीय," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

दुखणं खरंच होतं. वरमायनं लेकीच्या आईचे पाय धुतल्याचं सगळ्या तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. धुतले तर लोक पिढ्यान् पिढ्या सांगतील. नाही धुतले तर कुणाला कळणार नाही, फक्त दगडाबाईंना कळेल. आणि दगडाबाईंना दगडाबाईंची भीती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होती. गावात शब्द फिरवणाऱ्या माणसांना त्यांनी काय काय म्हटलं होतं, ते सगळं त्यांना पाठ होतं.

सकाळी भागवतनं मोटारसायकल काढली. "चल माय, रानात सोडतो."

"ने तुझी फटफटी," त्या म्हणाल्या आणि चालत निघाल्या.

धोंड्याचं जेवण गंगाखेडजवळ कमलबाईच्या अंगणात होतं. पत्र्याखाली मांडव घातलेला, चुलीवर पुरण, भावकी सगळी जमलेली. भागवत आणि अर्पिता पाटावर जोडीनं बसले. व्यंकटीनं जावयाचे पाय धुतले, वाण दिलं, बायकांनी ओवाळलं. मग मोठी पितळी परात दगडाबाईंच्या पाटापुढं आली. कमलबाईनं तांब्या घेतला, पदर खोचला आणि खाली बसू लागली.

दगडाबाईंनी पाय मागं ओढले.

"पाणी लय गार हाय का?" कमलबाईनं विचारलं.

"पाणी बराबर हाय. माणूस चुकीचं बसायलंय." दगडाबाई पाटावरून उठल्या. "उठा तुमी. इथं बसा."

"इनबाई, मी बोलले व्हते ना बसस्टँडवर..."

"तुमी बोलला व्हता. मी कुठं व्हय म्हणले? बसा म्हणते तर!"

पंगतीत वाढणारी पोरं वाढायची थांबली. कमलबाई कशीबशी पाटाच्या कडेवर टेकली. दगडाबाईंनी लुगडं सावरलं आणि परातीपाशी खाली बसल्या. तेव्हा कमलबाईचा मोठा दीर दत्तराव, भावकीतला पागोट्याचा माणूस, खाकरून उठला.

"अव, हे काय चालवलंय? वरमायनं लेकीच्या मायचे पाय धुवायचे? ही तर उलटी गंगा व्हायलीय!"

"गंगेच्याच काठाला बसलाव आपण, व्हऊ द्या की एखांद्या दिशी," दगडाबाई म्हणाल्या. "पाणी माझ्या हातात हाय, पाय इनबाईचे हायत. दत्तराव, तुमचं काय भिजायलंय?"

दत्तराव बसला.

"अन ऐका सगळे," त्या मान वर करून म्हणाल्या. "परभणीच्या मशीननं आमा दोघींची चरबी मोजली. इनबाईची चार निघाली. माझी सोळा. शर्त लावल्ती, हरले. आता कुणाला हसायचं असंल त्यानं हसून घ्या. धोंडे वाढल्यावर हसला तर ठसका लागतो."

आधी कुणी हसलं नाही. मग बन्सीधररावांना हसू फुटलं. त्यांना इतकं मोकळं हसताना अर्पितानं पहिल्यांदाच पाहिलं. त्यामागं सगळा मांडव हसला, आणि त्या हसण्यात टोचेल असं काही नव्हतं.

दगडाबाईंनी कमलबाईचा पाय हातात घेतला. जाड, जड पाय. टाचेला भेगा, काळ्या मातीनं भरलेल्या, घासून न निघणाऱ्या. नडगीवर कोयत्याचा जुना वण. फडात ऊस तोडताना लागला असेल. दगडाबाईंनी त्यावरून पाणी सोडलं आणि अंगठा फिरवला. आपली टाच त्यांना आठवली. गुळगुळीत, ओट्यावर बसणाऱ्या बाईची टाच.

"लय चाललेत हे," त्या हळूच म्हणाल्या, फक्त कमलबाईला ऐकू जाईल एवढंच.

"चालावंच लागलं," कमलबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"रडू नगा. परातीत आदीच पाणी लय हाय." दगडाबाईंनी पाय उचलून बघितला. "अन हा एक पाय किती किलोचा हाय? मनगट दुखायलंय माझं."

त्यांनी तळव्याला हात लावला आणि कमलबाईला गुदगुल्या झाल्या. तिनं पाय झाडला, परात कलंडली, दगडाबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. दत्तरावचंही धोतर भिजलं. आता त्यालाही हसावं लागलं.

पदरानं पाय पुसून, कुंकू लावून दगडाबाई उठल्या, तर कमलबाईनं त्यांना खांदे धरून पाटावर बसवलं. "आता माझी पाळी. शर्त तुमची, रीत माझी. मी रीत मोडत न्हाई." आणि तिनं दगडाबाईंचे पाय धुतले, पाणी कोमट करून. जोडवी दगडाबाईंनी परभणीहून आल्यावर पुन्हा घातली होती, पण आता ती बोटात सैल फिरत होती. कमलबाईनं ती एकदा गोल फिरवून बघितली आणि मान हलवली.

पंगतीत दोघी शेजारी बसल्या. अर्पिता धोंड्यांचं ताट घेऊन आली आणि दोघींकडं डोळे मोठे करून बघू लागली.

"डोळे वटारू नगंस," दगडाबाई म्हणाल्या. "एकच घेतो, दोघीत अर्धा अर्धा. माझा अर्धा जरा बारका कर, माझी कोठी लहान हाय. अन इनबाई, दिवाळीनंतर परत फोटो हाय. तवा बगा, कुणाचं काळीज काळं निघतंय ते."

"लावायची का शर्त?"

"न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. धोंड्याचा घास तोंडात गेला होता, तो त्यांनी आधी नीट खाल्ला. "आता चालत जाऊन बगते नुसतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गावात उतरल्या. आधीच पोचलेला भागवत फटफटी घेऊन थांबला होता, त्याला पुढं पाठवून त्या स्टँडपासून गल्लीपर्यंत चालत आल्या, हातात वाणाची पिशवी. बजरंग दुकानात कुणाचीतरी साखर तोलत होता, अंगठा काट्याला टेकलेला. त्यानं जरा बिचकतच विचारलं, "काकू, ते मशीनचं... किती निघाली शेवटी?"

दगडाबाई थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"निघाली बाबा सोळा," त्या म्हणाल्या. "गंगाखेडला धुऊन आले. अन तू त्या काट्यावरून अंगठा उचल आदी, मग माझी मोज."